झोप कुठे जाते : मुलुंडच्या वन बीएचकेतल्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळी आटोपली, फराळाचे डबे घासून पालथे पडले, आता हे काम हातात घेते. तक्रार अशी: दहाला आडवं व्हायचं, बराच वेळ टक्क जागं, मध्यरात्री केव्हातरी जाग, पहाटे परत जाग, आणि साडेसहाला उठताना अंग ठेचल्यासारखं. वय ४७. फोर्टात एका ऑफिसच्या हिशेब खात्यात नोकरी. घर मुलुंड पूर्वेला, चार मजली जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. बेडरूमच्या बरोबर खाली सोसायटीची पंपाची खोली. मुलगा हॉलमध्ये झोपतो.

शंभर पानी वहीत रकाने आखलेत: अंथरुणात कधी गेले, झोप साधारण कधी लागली, किती वेळा जाग, कायमची कधी उठले, दिवसा कुठे डोळा लागला, चहा कधी. सगळं सकाळी, अंदाजाने भरायचं. रात्री घड्याळ बघायचं नाही. भिंतीवरचं काढून स्वयंपाकघरात नेलं. ‘आता तीन वाजले, म्हणजे उरले साडेतीन तास’ हा हिशेब एकदा डोक्यात सुरू झाला की झोप परत येत नाही. मी हिशेब खात्यातली, माझा तर थांबतच नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काहीही न बदलता पहिल्या आठवड्याची सरासरी: अंथरुणात साडेआठ तास, त्यात झोप सव्वापाच. भागाकार केला की ६२ टक्के. हा आकडा ८५ च्या वर असावा असं झोपेवर काम करणारे डॉक्टर मानतात.

मुलाचं स्मार्टवॉचही घालून पाहिलं. त्याच्या मते मी मजेत सात तास झोपते. मनगटावरचं घड्याळ मुख्यतः हालचाल मोजतं, आणि मी जागी असताना ओंडक्यासारखी पडून असते. घड्याळ परत केलं. वहीच बरी.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी रांगेत उभं राहून आले, दुपारी माळा आवरला. रात्री अंथरुणाला पाठ टेकली आणि झोप लागली. किती वेळात ते लिहिता येत नाही इतक्या लवकर.

हे रविवारी का होत नाही? कारण रविवारी जेवणानंतर वामकुक्षी असते. आज ती नव्हती. आणखी दोन गोष्टी नव्हत्या: ऑफिसातली संध्याकाळची कटिंग चहा, आणि घरी यायची सव्वासहाची ठाणे स्लो लोकल.

सीएसएमटीहून बसते म्हणून लेडीज डब्यात खिडकी मिळते. भायखळा जातं, दादरला गर्दी चढते, कुर्ल्याच्या आधी माझी मान खाली. नाहूर आलं की शेजारची कोपराने ढोसते. वहीत ही झोप मी ‘डुलकी’ म्हणून एका रेघेत टाकत होते. गाडीचा वेळ मोजला तर ती अर्ध्या तासाच्या आसपास जाते. ही डुलकी नाही. रात्रीसाठी जमवलेल्या झोपेतली उचल आहे ही.

पण चहा की गाडी, की दोन्ही? वेगवेगळं तपासायला हवं.

१ डिसेंबर, रविवार

आधी चहा. चहा-कॉफीतलं कॅफीन शरीरातून अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमीजास्त. म्हणजे साडेपाचच्या कटिंगमधलं निम्मं साडेदहाला रक्तात हजर. दुपारी दोननंतर चहा बंद केला. डोकं दुखलं, ऑफिसात दोघींवर उगाच खेकसले, तीन-चार दिवसांत शमलं.

फरक: थोडा. पडल्यापासून झोप लागेपर्यंतचा वेळ कमी झाला, पण मतदानाच्या रात्रीसारखं काही नाही.

८ डिसेंबर, रविवार

आता गाडी. न झोपण्याचं ठरवणं सोपं, निभावणं कठीण. मोबाइल बघितला तर हातातून पडतो. गाणी ऐकली तर उलट लवकर झोप. शेवटी डब्यातल्या बाकीच्या बायका वर्षानुवर्षं जे करतात तेच केलं: भाजी. स्टेशनबाहेरून मेथीची जुडी घ्यायची, मांडीवर वर्तमानपत्र, पानं पिशवीत आणि काड्या कागदात. आता मटार आलेत, ते तर आणखी चांगले; शेंग दाबून फोडताना बोटांना काम राहतं आणि दाणा खाली घरंगळला की समोरची हसते. घाटकोपरपर्यंत अर्धा किलो होतात. घरी गेल्यावरचं कामही वाचतं.

डोळे पेंगतात, पण मान पडत नाही. रात्री अंथरुणावर अर्ध्या तासाच्या आत झोप. आतापर्यंतचा सगळ्यात मोठा फरक, आणि खर्च शून्य.

मध्यरात्रीची आणि पहाटेची जाग मात्र तशीच.

१२ डिसेंबर, गुरुवार

जे उपयोगी पडलं नाही ते एकदाच लिहून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाचे पैसे वाचतील.

जाड काळे पडदे, २,२०० रुपये. रस्त्यावरच्या एलईडीचा उजेड थांबला, त्याबरोबर वाराही. नोव्हेंबरातसुद्धा मुंबईत खोली कोंदटते. आता अर्धाच पडदा लावते, दिव्याच्या बाजूचा. मानेसाठीची खास उशी, १,८०० रुपये, मुलगा वापरतो. मॅग्नेशियमच्या गोळ्या, ६५० रुपये. वहीत काहीही दिसलं नाही. जायफळ घातलेलं दूध वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सुचवलं. जायफळाचं माहीत नाही, पण कपभर दुधाने रात्री एकदा बाथरूमला उठवलं. जायफळ चिमटीच्या पुढे नेऊ नका, जास्त झालं तर ते अंगावर येतं.

नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासलं. थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन ११.२. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त १८. रात्री पोटऱ्यांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, हे मी त्यांना सहज सांगितलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, त्या त्रासात फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर लोह देऊन बघतात. गोळी एक दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर, चहापासून लांब. गुण यायला महिने लागतील म्हणाले, त्यामुळे ही एक गोष्ट बाकीच्यांच्या मागे चालू ठेवली. एका वेळी एकच बदल हा नियम इथे मोडला.

झोपेची गोळीही विचारली होती. ‘थोड्या दिवसांपुरती देईन, पण कारण सापडायच्या आधी नको,’ म्हणाले. नाही घेतली.

१५ डिसेंबर, रविवार

पहाटेची जाग. आमचा वॉचमन पंपाचं रजिस्टर ठेवतो. आज खाली जाऊन बघितलं. निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात रोजची नोंद: मोटर चालू ४:२०, बंद ५:०५. चालू ४:१५, बंद ५:००. माझ्या वहीतल्या अंदाजाशी लावून पाहिलं. चालू होण्याशी माझी जाग जुळत नाही. बंद होण्याशी जुळते.

आज मुद्दाम चारलाच उठून बसले. मोटरची घरघर येते, पण ती सलग असते, तिची सवय होते. बंद झाल्यावर क्षणभर शांतता, आणि मग भिंतीतून एक ‘धाड्’. पलंगाची डोक्याकडची पाटी थरथरते. कानात बोळे घालून काही होणार नव्हतं (त्यांचेही ३०० रुपये गेलेत), कारण तो हवेतून कमी आणि भिंतीतून जास्त येतो.

२२ डिसेंबर, रविवार

सोसायटीची मीटिंग. मी तयारीने गेले होते: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. सेक्रेटरी म्हणाले, ‘वहिनी, पाण्याशिवाय राहता का मग?’ तिसऱ्या मजल्यावरच्यांनी मान डोलावली. नियम तिथेच बसला.

मग प्लंबरला सोबत घेऊन गेले. त्याने पंपाजवळचा व्हॉल्व्ह दाखवला. मोटर थांबली की गच्चीपर्यंतच्या पाइपातलं पाणी मागे येतं, आणि आतली जुनी झडप त्या उलट्या पाण्याने आपटून मिटते. तोच धाड्. तो सेक्रेटरींना म्हणाला, ‘साहेब, रोज असा दणका बसला तर एक दिवस जॉइंट सुटेल, पंपाची खोली भरेल.’ दहा मिनिटांत खर्च मंजूर. झोपेसाठी जे झालं नाही ते गळतीच्या भीतीने झालं. सोसायटीत काही करून घ्यायचं असेल तर हे लक्षात ठेवा.

स्प्रिंगचा दोन इंची व्हॉल्व्ह आणि मजुरी मिळून ३,४०० रुपये. स्प्रिंगमुळे झडप पाणी उलटायच्या आधीच बंद होते. पाइप जिथे भिंतीला पट्टीने घट्ट बांधला होता तिथे रबराचे तुकडे घातले. आणि वेळ बदलली: वरची टाकी रात्री साडेनऊला भरायची, पुढची मोटर सव्वासहाला. वॉचमन खूश, त्याचीही पहाट मोकळी झाली.

२९ डिसेंबर, रविवार

पहाटेची जाग आठवडाभर नाही म्हणण्याइतकी. पण रात्रीची आहेच, आणि ती आली की बराच वेळ जाते. अंथरुणातल्या वेळातल्या झोपेची टक्केवारी ६५ वर अडकली.

आता सगळ्यात नावडता उपाय. अंथरुणातला वेळ कमी करायचा. डॉक्टरांना विचारूनच केलं. झोप सरासरी साडेपाच तास, तर अंथरुणात साडेपाच तासच. उठायची वेळ पक्की सहा, रविवारीसुद्धा. म्हणजे झोपायचं साडेबाराला, आणि साडेपाच तासांच्या खाली उतरायचं नाही. टक्केवारी आठवडाभर ८५ च्या वर गेली की पंधरा मिनिटं वाढवायची. मिरगी किंवा बायपोलर असलेल्यांनी आणि गाडी चालवणं हेच काम असलेल्यांनी हा प्रयोग घरच्या घरी करायचा नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

दुसरा अर्धा भाग: जाग आली आणि झोप येत नाहीसं वाटलं तर पलंगावरून उठायचं, दुसऱ्या खोलीत जायचं, झोप आली की परत. कागदावर झकास. वन बीएचकेत दुसरी खोली कुठली? हॉलमध्ये मुलगा, त्याच्या अंगावरून जायचं तर पंखा, चादर, चप्पल, सगळ्यात पाय. राहिलं स्वयंपाकघर. ओट्याशेजारी स्टूल ठेवलं, चिमणीचा बारका दिवा, आणि जुनी शिवणकामाची टोपली. बटणं लावते. मोबाइल बेडरूममध्येच ठेवायचा.

५ जानेवारी २०२५, रविवार

वाईट आठवडा. साडेअकराला डोळ्यांत वाळू. इस्त्री केली, डाळीचे डबे निवडले, उभ्याने वर्तमानपत्र वाचलं. ऑफिसात एका व्हाउचरमध्ये शून्य जास्त पडलं, साहेबांच्या आधी मलाच दिसलं म्हणून बरं. गाडीत मटार सोलताना दोनदा हात थांबला.

पण पडल्या पडल्या झोप. टक्केवारी ८१.

सोडून द्यावंसं या आठवड्यात वाटतं. ज्यांनी ज्यांनी ‘करून पाहिलं, जमलं नाही’ असं मला सांगितलं, ते सगळे इथेच थांबले होते.

१९ जानेवारी, रविवार

टक्केवारी ८७. पंधरा मिनिटं वाढवून सव्वाबारा. स्टुलावर बसायची वेळ कमी येते.

तरी तीनच्या सुमाराला एक जाग शिल्लक आहे. पंप नाही, बाथरूम नाही, पायांची वळवळ बरीच कमी. मग मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून रेकॉर्डिंग लावलं आणि आज दुपारी इयरफोन घालून ऐकलं.

ह्यांचं घोरणं. ते काही नवीन नाही, लग्नापासून ऐकते, त्याने मला जाग येत नाही. जाग येते ती घोरणं थांबल्यावर. रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आहे: घोरणं, घोरणं, मग काहीच नाही. वीस-पंचवीस सेकंद श्वासाचा आवाजच नाही. मग गळ्यातून एक खरखरीत हिसका, आणि परत घोरणं. त्या शांततेत माझी कूस बदलल्याचा आवाज येतो. मी झोपेत त्यांच्या पुढच्या श्वासाची वाट बघत होते.

ह्यांना ऐकवलं. ‘अहो, हा तुमचा आवाज.’ ऐकून म्हणाले, ‘मी तर छान झोपतो.’ बाजूला टीव्ही चालू होता, आणि रोज साडेआठच्या बातम्यांना ते खुर्चीत मान टाकतात.

२६ जानेवारी, रविवार

स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी आहे. घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबताना कुणी पाहिलं का, रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळा ४० सेंटिमीटरच्या वर, पुरुष. पाच किंवा जास्त ‘हो’ आले तर झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराचा धोका मोठा. शिवणाच्या टेपने गळा मोजला: ४२. बीएमआय सोडून बाकी सगळं लागू. थकव्यावर त्यांचा आक्षेप आहे. तो काढला तरी सहा.

झोपेत श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबणं याला डॉक्टर ॲप्निया म्हणतात. ह्यांचं ऑफिस ऐरोलीला, रोज पुलावरून स्कूटर. ते आठवलं आणि वादाला जागाच उरली नाही. छातीविकारतज्ज्ञांची वेळ घेतली.

९ फेब्रुवारी, रविवार

तपासणी घरीच झाली, ६,५०० रुपये. माणूस संध्याकाळी येऊन शिकवून गेला: छातीवर पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. पहिल्या रात्री चिमटा निसटला, अर्धी रात्र कोरी. परत करावी लागली. दुसऱ्यांदा बोटाला कागदी चिकटपट्टी लावली. ही युक्ती आधीच करा.

अहवाल: तासाला सरासरी ३४ वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो. पाचपर्यंत ठीक धरतात, तीसच्या वर गंभीर. ऑक्सिजन एकदा ७९ पर्यंत खाली. ह्यांनी कागद दोनदा वाचला, मग चष्मा पुसला आणि परत वाचला. ‘छान झोपतो’ हे वाक्य घरात त्यानंतर ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, घरात झोपेच्या गोळ्या कोण घेतं का? अशा माणसाने त्या मनाने घ्यायच्या नाहीत, घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. दारूचंही तेच. उपाय सीपॅप: नाकावर मास्क, यंत्रातून सतत हवेचा दाब, त्याने घसा उघडा राहतो. यंत्र आधी भाड्याने घ्या म्हणाले, महिन्याला ४,००० रुपये, मास्क वेगळा विकत.

२३ फेब्रुवारी, रविवार

मास्कची कटकट. नाकावरच्या मास्कची कड मिशीवर टेकत नाही, फटीतून हवा शिट्टी वाजवते. यंत्र माझ्या कानाशी शिट्टी वाजवत होतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. मिशी काढायचा विषय काढला. तो विषय परत काढायचा नाही असं ठरलं. शेवटी नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क घेतला, त्याची कड मिशीच्या वर राहते. पहिल्या मास्कचे ३,२०० वाया, दुसऱ्याचे ४,१००. विकत घ्यायच्या आधी दुकानातच आडवं पडून, यंत्र लावून बघू द्या असं सांगा. दुसऱ्या दुकानदाराने सहज करू दिलं.

तोंड कोरडं पडायचं, त्यावर यंत्राच्या डबीत डिस्टिल्ड पाणी. नळाचं घातलं तर तळाला पांढरा थर येतो.

ह्यांची प्रगती: पहिल्या आठवड्यात दोन-तीन तासांनी मास्क ओढून काढायचे. आता बहुतेक रात्री सकाळपर्यंत राहतो. साडेआठच्या बातम्या पूर्ण बघतात आणि त्यावर मतंही देतात.

१६ मार्च, रविवार

माझी वेळ आता सव्वाअकरा ते सहा. टक्केवारी ८८ च्या आसपास. तीनची जाग आठवड्यातून एखाद्या वेळी. फेरिटिन परत तपासलं, ४१; गोळ्या चालू.

धुळवडीच्या रात्री साडेबारापर्यंत बाहेर गोंगाट होता, जागी राहिले. दुसऱ्या दिवशी शनिवारी गाडीत झोप काढायचा मोह झाला, पण मटारचा हंगाम संपत आला असला तरी पालक आहे.

सोसायटीचे व्हॉल्व्हचे पैसे मिळाले. यंत्राचं भाडं पुढच्या महिन्यापर्यंत भरलंय. मास्कची सवय झाली म्हणून आता विकत घ्यायचं ठरतंय. दोन दुकानांचे भाव काढले, एक ३८,०००, एक ४६,०००. महागात आत मेमरी कार्ड आहे, ज्यावरून रात्री किती तास वापरलं आणि श्वास किती वेळा थांबला ते डॉक्टरांना दिसतं. माझा कल त्याकडे. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये बसतं का ते सोमवारी विचारणार, उत्तर आलं की इथे लिहीन.